मेणात बसवून पाहिलेलं उपनगर

ती. स्व. सासूबाईंना,

जावयाचा सादर नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? बाबांना रात्रीची झोप लागते का? माझी प्रकृती ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

तुमची लेक दोन्ही मुलांना घेऊन सुट्टीपुरती तुमच्याकडे आली, सुट्टी संपली, शाळा सुरू झाली, आणि ती तिकडेच राहिली. जाताना एवढंच म्हणाली, की या ट्रकांच्या रस्त्यावर धाकटीचा खोकला जायचा नाही. मुलांना राहता येईल अशी जागा बघा, मग बोलवा. (शांतपणे म्हणाली. भांडली असती तर मी निश्चिंत असतो.) तेव्हापासून दर सुट्टीला मी शहराबाहेरची उपनगरं पालथी घालतोय. एजंटाच्या तोंडी सगळीच कुटुंबासाठी उत्तम. पहिल्यात हिरवीगार बाग होती आणि तिच्यात खेळायला मनाई होती. दुसऱ्यात इतकी शांतता, की मी शिंकलो तर खिडक्या उघडल्या, आणि प्रत्येकीत एकेक म्हातारं माणूस. त्यातल्या एका आजोबांनी मला आत बोलावलं, माझा धंदा विचारला आणि तोंडातली सैल कवळी काढून माझ्या हातात ठेवली. ती दुपार तिच्यातच गेली.

आता धंद्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. आम्ही कवळी एकदम पक्की करत नाही. दात आधी मेणात बसवायचे, माणसाच्या तोंडात घालून त्याला बोलायला, हसायला लावायचं, आणि जमलं तरच पुढचं. मेणात चूक निघाली तर कुणाचं काही बिघडत नाही. म्हटलं, घरही असंच पाहावं. म्हणून तिसऱ्या उपनगरात, एजंटाने दाखवलेल्या रिकाम्या घरापासून शाळेपर्यंत, शाळेच्याच वेळेला, मुलांची दोन्ही दप्तरं घेऊन चालून पाहायचं ठरवलं. (दप्तरं इकडेच खुंटीला राहिली होती. तिकडे तुम्ही नवी घेतलीत असं कळलं. छान केलंत.) वजनाचा अंदाज यावा म्हणून त्यांत कामावरचे दातांचे प्लास्टरचे साचे भरले. इथेच माझी अक्कल गहाण पडली.

फाटकाशी पोहोचलो, सगळी मुलं आत गेली, फाटक बंद झालं, आणि मी तिथेच उभा. एरवी धाकटी माझा अंगठा धरून चालते. त्या दिवशी अंगठा मोकळा होता, त्यामुळे पुढे जायचं कुठे तेच सुचेना. एका बाईंनी विचारलं, मुलं कुठायत? मी म्हटलं, आली नाहीत. कधी येणार? तेच कळत नाही, म्हटलं. रखवालदाराने दप्तर उघडलं तर आत जबडेच जबडे. पुढचं विस्ताराने लिहीत नाही. चौकीवर हवालदारांनी सगळं ऐकलं, स्वतःची किडलेली दाढ दाखवली (काढावीच लागेल), आणि मुलं आणून दाखवा, मग सामान न्या, असं बजावलं. त्या बाई मी बसमध्ये चढेपर्यंत माझ्यावर डोळा ठेवून होत्या.

आई, इतका अपमान आणि इतका धीर मला एकदम कधी वाटला नव्हता. आमच्या रस्त्यावर मी खरी मुलं पोत्यात घालून नेली असती तरी कुणी मान वर केली नसती. तिथे माझ्या नसलेल्या मुलांची चौकशी झाली. मी ते घर घेतलं. भाड्याने, म्हणजे मेणातच. हिला नाही रुचलं तर मोडू. स्वयंपाकघराच्या खिडकीतून शाळेचं मैदान दिसतं. मी तिथे उभ्यानेच जेवतो, कारण बसलं की घर खायला उठतं.

बाबांना नमस्कार.

आपला जावई

ता. क. मैदानातली घसरगुंडी मोडकी आहे. आधी लिहायला हवं होतं.

ता. क. खरं काम राहिलंच. दप्तरं चौकीत अडकलीत, आणि साच्यांवाचून माझी गिऱ्हाइकं पातळ खाऊन दिवस काढतायत. तरी हिची समजूत घालून तिघांना एका दिवसापुरतं पाठवा. निव्वळ कायद्याचा प्रश्न आहे.

ता. क. तुमच्याशी खोटं बोलवत नाही. दप्तरं त्याच संध्याकाळी परत मिळाली. नव्या घरात खुंटीला लावलीत, धाकटीचा हात पोचेल इतकी खाली. त्यांना येऊ द्या.