नऊ-सहाचं मशीन

४ मार्च, सोमवार. सकाळी दहा.
आजपासून पद्धतशीर. सदतीस वर्षं लास व्हेगासभर घरांमागे वाकून पाण्याचे मीटर वाचले. व्हिडिओ पोकरच्या मशीनवरचा बक्षिसांचा तक्ता वाचायला असा कितीसा वेळ लागणार? पानांचं फुल हाउस जुळलं की लावलेल्याच्या नऊपट आणि फ्लश जुळला की सहापट देत असेल तर मशीन चांगलं. त्याहून कमी देणाऱ्यावर बसायचंच नाही. बायकोला, आर्लीनला, समजावलं. म्हणाली, "म्हणजे जुगार खेळायला चाललायस." जुगार बाकीचे खेळतात. मी निवड करणार.

६ मार्च
बोल्डर हायवेवरचे तीन कसिनो पालथे घातले. आठ-पाच. सात-पाच. एका ठिकाणी चक्क सहा-पाच. लोक मुकाट्याने खेळत होते. गुडघे गेले. सिक्युरिटीवाल्याने विचारलं, काका, काही हरवलंय का.

११ मार्च
अजून एकही डाव खेळलो नाही, म्हणजे एक सेंटही हरलो नाही. आर्लीनला हा मुद्दा सांगितला. म्हणाली, घरी बसूनही हरणार नाहीस, पेट्रोल तरी वाचेल. तिला आकड्यांची दृष्टी नाही.

१४ मार्च. दुपारी.
सापडलं! 'सिल्व्हर म्यूल'मध्ये, बुफेच्या मागे, बाथरूमच्या दाराला लागून. नऊ. सहा. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.
मशीनवर एक बाई बसलेली. डोलोरेस पाचेको, हॉटेलच्या लाँड्रीतून रिटायर झालेली. नम्रपणे विचारलं, किती वेळ बसणार? म्हणाली, "नवरा गेल्यापासून बसलेय. तूच बघ बाबा."

१९ मार्च
साडेआठला पोचलो. ती आधीच हजर. डोनट नेले होते, दोन्ही तिनेच खाल्ले. म्हटलं, पलीकडच्या मशीनची खुर्ची मऊ आहे. "तिथे सात-पाच आहे. मला खुळी समजतोस काय?"
वय झालं की माणसं स्वार्थी होतात.

२५ मार्च
मुलीला तिकडे दूर बॉयसी शहरात मुलगा झाला. आर्लीनला शब्द दिला: विमानाने जाऊ. रॉयल फ्लश, म्हणजे सगळ्यात मोठी जुळणी, लागला की हजार डॉलर मिळतात. मशीन ठरलंय, फक्त खुर्ची रिकामी व्हायची आहे. ती म्हणाली, तिकिटं महाग व्हायच्या आत होईल का रिकामी?

२८ मार्च. सकाळी अकरा.
डोलोरेसला दातांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. म्हणाली, "तासभर खुर्ची सांभाळ. दुसऱ्या कुणाला बसू देऊ नकोस."
बसलो. दर डावाला एकच क्रेडिट लावलं, म्हणजे एक क्वार्टर, पंचवीस सेंट. पाच लावणं हा हावरटपणा.
चाळीस मिनिटांनी लागला. रॉयल फ्लश. बदामाची दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का. आर्लीनला लगेच फोन केला. ती रडली. मीही, थोडा.
मग स्क्रीनवर आकडा आला: अडीचशे. अडीचशे क्वार्टर. म्हणजे साडेबासष्ट डॉलर.
मशीन बिघडलंय म्हणून माणूस बोलावला. तेवढ्यात डोलोरेस परतली, अर्धा गाल बधिर. विचारलं, किती लावले होतेस? म्हटलं, एक. तिने तक्त्याच्या अगदी वरच्या ओळीतल्या शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. पाच क्रेडिटला चार हजार क्वार्टर, म्हणजे ते हजार डॉलर. एकाला अडीचशे.
इतकी महत्त्वाची गोष्ट इतकी वर कोण लिहितं? आपण वाकून वाचतो. तक्रार करणार आहे.
डोलोरेसने खुर्ची मागितली नाही. मीच उठलो.

३१ मार्च. दुपारी. एली, नेवाडा.
रॉयल फ्लशचं पेट्रोल आणि दोन हॅम्बर्गर. पुढचं आर्लीनच्या पर्समधून. बॉयसी अजून सहा तास. गाडी तीच चालवतेय.
पेट्रोल पंपावर मुलीचा फोन आला. आर्लीनने घेतला. "हो, लागला बाबाला, खरंच लागला," म्हणाली. "विमान नको म्हटलं मीच, कानाला दडे बसतात."
आर्लीनचे कान उत्तम आहेत.
मग मुलगी म्हणाली असावी, बाबाला दे. आर्लीनने माझ्याकडे पाहिलं आणि सांगितलं, तो झोपलाय.
मी डोळे मिटून घेतले.