कबरस्तानातला चर

पप्पा, उद्या सकाळी तुमच्या कबरीवरचा कोबा फोडायचा आहे. आईला मघाशी जेवताना सांगितलं. भात वाढता वाढता तिचा हात थांबला. तुम्हालाही सांगावं म्हणून लिहायला बसलो.

यंदा कबरस्तानाच्या वरच्या अंगाला जमिनीला भेग पडली आहे. जुलैत तिच्यात बोट जायचं, आता अख्खा हात जातो. फाटकाची कडी जुळत नाही. खालच्या रांगेतले दोन क्रूस वाडीकडे झुकलेत, आणि पाऊस उघडला तरी बांधाच्या दगडांतून लाल पाणी गळत राहतं. खालची वाडी तुमच्या वेळी होती तशीच आहे, संध्याकाळी चुली पेटल्या की धूर आपल्या क्रुसांमधून वर येतो. दरड आली तर आपल्या मेलेल्या माणसांना घेऊन ती त्या घरांवरच जाणार, हे कळायला इंजिनियर लागत नाही.

आणि हे आपणच करून ठेवलंय. तुम्ही गेलात त्याच वर्षी आपल्या चर्चच्या मंडळीने कबरस्तानाला कोबा करायचं ठरवलं. ईस्टरच्या पहाटेच्या उपासनेला म्हातारी माणसं ठेचकाळतात, आपली माणसं गवताचिखलात पडलेली बघवत नाहीत, असं सगळेच म्हणाले. नवलाख उंबऱ्याच्या एमआयडीसीत कंपनीत जाणाऱ्या पोरांनी सुट्ट्या टाकून घमेली उचलली. सगळं मायेनं केलं. पण दर मे महिन्यात डोक्याला टॉवेल गुंडाळून तुम्ही जो चर उपसायचात, तो कोब्याखाली बुजला. जागा उरली नव्हती म्हणून तुमची कबरही त्याच्या तोंडावरच आली. डोंगराचं पाणी आता कोब्याखाली शिरतं आणि तिथेच बसून राहतं.

तो चर म्हटला की मला एक दुपार दिसते. मी सेमिनरीतून सुट्टीला आलोय, ओट्यावर बसून आयुष्यातलं पहिलं प्रवचन लिहितोय. तुम्ही गुडघाभर चिखलातून हाक मारता. मी म्हणतो, "प्रवचन लिहितोय, पप्पा." तुम्ही फावडं टेकवता आणि म्हणता, "लिही की. पण ज्यांना ऐकवणार आहेस त्यांच्या घरात आधी पाणी शिरू नये, एवढं बघ." मला इतका राग आला होता की रात्रीपर्यंत तुमच्याशी बोललो नाही. पुढे माझ्या पाळकपदाच्या दीक्षेला बाकीच्यांच्या घरच्यांनी घड्याळं दिली, सुटाचं कापड दिलं. तुम्ही गमबूट दिलेत, तेही एक नंबर मोठे.

गेली काही वर्षं माझं कसं चाललं होतं ते मंडळीला कळलेलं नाही. बाप्तिस्मा, लग्न, दफन, सगळं तोंडपाठ. आशीर्वादाला हात वर जायचे आणि आत काहीच हलायचं नाही. सेवा सोडून द्यावी असं मनात पक्कं होत आलं होतं. त्यात ही भेग. चर्चच्या पंच कमिटीच्या बैठका झाल्या, ठराव झाला, लांबलचक प्रार्थना झाली. पुढच्या बैठकीला मी गेलोच नाही, टिकाव घेऊन कबरस्तानात गेलो.

त्याआधी वाडीत जाऊन सगळ्यांना चर्चच्या हॉलमध्ये राहायला या म्हणालो. दारात बसलेल्या म्हाताऱ्या मावशी म्हणाल्या, "आन् शेरडं कुटं ठिवू?" म्हटलं, शेरडंसुद्धा आणा. आता ती संडेस्कूलच्या खोलीत आहेत, एक गीतांचं पुस्तक त्यांनी संपवलंय. पण भाताची खाचरं खालीच, त्यामुळे माणसं दिवसभर पुन्हा त्या उताराखाली असतात.

काल मावशी वर आल्या. मी खणलेला चर त्यांनी वरून खालपर्यंत बघितला.

"पाळकसाहेब, ह्यो हितं का थांबला?"

"पुढे माझ्या वडिलांची कबर आहे, मावशी."

त्यांनी कबरीकडे बघून हात जोडले. मग म्हणाल्या, "लय भला माणूस व्हता. पन त्यो गेला. आमी अजून जित्ती हाय."

मी पुन्हा टिकाव उचलला. पुढे माती उपसताना एक धोंडा काही केल्या निघेना, तेव्हा तोंडातून आलं, "देवा, हा एवढा हलव." बस, एवढंच. पण ऐकणारं कोणी आहे असं धरून मी किती दिवसांनी बोललो होतो. धोंडा तसाच राहिला. मला मात्र रडू आलं, आणि घरी येऊन चार भाकरी खाल्ल्या.

आता पाऊस पुन्हा लागलाय. मघाशी डोंगराकडे जड काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. हॉलमधली माणसं बोलायची थांबली, शेरडंही गप्प झाली. कबर फोडू नये म्हणून मंडळीतले निम्मे लोक उद्या फाटकात आडवे येतील, त्यांचंही चुकत नाही. पहिला घाव मीच घालणार आहे. तुमच्या पेटीला धक्का लागू नये असं बघेन, पण तसा शब्द देत नाही. कोबा फुटल्यावर पाणी वाटेला लागेल की डोंगरच खाली येईल, तेही मला माहीत नाही. हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून एवढं लिहितो. तुमची कबर फोडायची आहे, पप्पा, आणि कधी एकदा उजाडतंय असं मला झालंय.