शिकागोचे हिस्से आणि बर्नीची बाथरूम

मी, नॉर्बर्ट कॉर्नेलियस व्हॅन्डेहे, वय चौऱ्याहत्तर, कागद गिरणीतला निवृत्त यंत्रचालक, राहणार ग्रीन बे, विस्कॉन्सिन, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. परवा शुक्रवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. काळजीचं कारण नाही असं डॉक्टर म्हणाले, पण म्हणताना ते माझ्याकडे न बघता संगणकाच्या पडद्याकडे बघत होते.

कलम १. माझं राहतं घर माझी धाकटी बहीण बर्नाडीन, म्हणजे बर्नी, हिला मिळावं. माझी बायको मार्सी गेल्यापासून बर्नी इथेच राहते. या घरात बाथरूम एकच, तीही वरच्या मजल्यावर. बर्नीचे गुडघे कामातून गेले, त्यामुळे ती वरच अडकून पडली आहे. फक्त आमच्या गावच्या फुटबॉल संघाच्या सामन्याच्या दिवशी ती खाली येते, जिन्यावर बसून एकेक पायरी घसरत, आणि कोणी हात धरलेला तिला खपत नाही. खाली एक बाथरूम बांधून द्यावी, एवढीच माझी आता इच्छा उरली आहे.

कलम २. स्टेडियममधल्या दोन जागा. आमच्या गावात भावंडं घरावरून भांडत नाहीत, या जागांवरून भांडतात. जागेसाठी प्रतीक्षायादीत नवीन नाव लावलं तर नंबर नातवाच्या काळात लागतो. वडिलांनी मरताना एक जागा मला आणि एक बर्नीला दिली, म्हणून आमचं भांडण टळलं आणि जन्मभर खांद्याला खांदा लावून बसणं झालं. माझीही जागा बर्नीला, तिच्या पश्चात दोन्ही माझी मुलगी कोलीन हिला. जावई ट्रॅव्हिस शिकागोचा, म्हणजे आमच्या जुन्या वैऱ्यांच्या संघाचा आहे. त्याने तिथे खुशाल बसावं, पण त्यांच्या संघाची नारिंगी टोपी गाडीत ठेवून.

कलम ३. बूया, म्हणजे गावजेवणाचा मांस-भाज्यांचा रस्सा, शिजवायचं मोठं पातेलं आणि तो ढवळायचं लाकडी वल्हं चर्चला. गोठलेल्या तळ्यावरच्या बर्फाला भोक पाडायचा गिरमिट कोलीनला, कारण तिच्या भावांपेक्षा मासे तीच जास्त धरते. शेजारी रे यूस्टन या मृत्युपत्राचा साक्षीदार असल्याने त्याला कायद्याने काही देता येत नाही. माझं बर्फ उडवायचं यंत्र त्याने तसंही केव्हाच नेलं आहे.

कलम ४. आता खरं दुखणं. गेल्या उन्हाळ्यात ट्रॅव्हिसने माझ्या फोनवर निकालांवर पैसे लावायचा अंदाजांचा बाजार उघडून दिला. मोसमात आमचे आणि शिकागोचे दोन सामने होतात. "शिकागो दोन्ही जिंकेल" असे हिस्से तिथे विकत मिळतात. तसं घडलं तर प्रत्येक हिश्श्याचा पूर्ण डॉलर, नाहीतर शून्य. तेव्हा ते मातीमोल भावात होते. ट्रॅव्हिस म्हणाला, "नॉर्ब, याला विमा समजा. तुमची माणसं हरली तर निदान रडताना खिसा गरम असेल." मला ते पटलं. मी बाथरूमसाठी साठवलेले सगळे पैसे त्यात घातले.

पहिला सामना शिकागोत झाला आणि आम्ही हरलो. टीव्हीवर सामना संपला तेव्हा मी मनात बाथरूमच्या फरशा मोजत होतो. मला स्वतःची किळस आली. बर्नीने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, तेव्हा मी सगळं सांगितलं. त्या दिवसापासून ती सामन्याच्या दिवशीही जेवणाचं ताट वरच मागवते.

दुसरा सामना येत्या रविवारी, इथे. हिस्से कालपर्यंतच्या भावाने विकले असते तर निम्मी बाथरूम झाली असती. थांबलो आणि शिकागो जिंकलं तर पूर्ण होऊन वर पैसेही उरतील. आमची माणसं जिंकली तर बर्नी आनंदाने रडेल आणि पुन्हा त्याच जिन्याने वर जाईल. कुणाच्या गुणाला मी टाळी वाजवू, हेच मला कळेनासं झालं आहे. विमा कसला, मी स्वतःला पिंजऱ्यात घालून किल्ली शिकागोवाल्यांकडे दिली आहे.

त्यात काल बातमी आली की सरावात आमच्या क्वार्टरबॅकचा, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूचा, खांदा दुखावला. तासाभरात भाव इतका चढला की विकले तर भिंती, फरशी, नळ, सगळं होईल. मी धापा टाकत जिना चढलो आणि बर्नीला सांगितलं की आता विकतो, सुटलो आपण.

ती म्हणाली, "त्या पोराच्या खांद्यावर उभी राहून मी आंघोळ करायची?"

मी फोन खिशात ठेवला. हिस्से विकलेही नाहीत आणि त्यांचा विचारही सुटला नाही. शुक्रवारी मी ऑपरेशनच्या टेबलावरून उठलो नाही, तर हे हिस्से बर्नीला जावेत असं वकीलबाईंनी लिहिलं होतं. ते मी खोडलं. या जाळ्यात मी अडकलो तेवढं पुरे, रविवारी तिला स्टेडियममधल्या तिच्या बाकावर मोकळ्या मनाने बसू द्या. हिस्से ट्रॅव्हिसला द्यावेत. जगात तो एकटाच असा आहे की ज्याला त्यांचा निखळ आनंद होईल. पैसे आले तर काय करायचं ते त्याने कोलीनला विचारावं.

कलम ५. हे कलम सहीच्या वेळी माझ्या हाताने वाढवत आहे. बर्नी आज ताटासाठी न थांबता स्वतःहून घसरत खाली आली आणि शेवटच्या पायरीवर बसली. वकीलबाई फिलिस डेल्व्हो म्हणाल्या की माझं डोकं जागेवर असल्याची साक्षीदारांसमोर खात्री करणं भाग आहे. त्यांनी तारीख विचारली, मुलीचं नाव विचारलं, ते मी सांगितलं. मग हसत म्हणाल्या, "आणि रविवारी कोण जिंकावं?"

मी तोंड उघडलं आणि खिशातला फोन चाचपत राहिलो. रे खाली बघू लागला. वकीलबाईंनी पेन टेबलावर ठेवलं.

बर्नी पायरीवरून म्हणाली, "लिहा बाई, भानावर आहे. वेडा असता तर पटकन सांगितलं असतं."

लिहून देणार: नॉर्बर्ट सी. व्हॅन्डेहे (सही)

आमच्या समक्ष सही केली:
१. रेमंड यूस्टन, शेजारी (सही)
२. फिलिस डेल्व्हो, वकील (सही)

ठिकाण: ग्रीन बे, विस्कॉन्सिन
बुधवार, ९ डिसेंबर