सीमोरची ऐंशी आणि सर्वेक्षणाचा फोन

क्लीव्हलंड, सोमवार

ती. गोल्डीवन्सं यांना,

इर्माचा नमस्कार. तुमचे गुडघे, तुमचं मांजर आणि फ्लोरिडातली हवा, तिघांची प्रकृती विचारायला तुमच्या भावानं सांगितलंय (त्याच क्रमानं). इकडे काल तुमच्या या भावाची, सीमोरची, ऐंशी वर्षं पूर्ण झाली आणि घर अजून उभं आहे.

तुम्हाला ठाऊकच आहे, डालिया विद्यापीठात पॅलेस्टाइनसाठी तंबू ठोकून बसली तेव्हापासून आजोबा-नातीचा चौदा महिने अबोला होता. सीमोरनं दारावर इस्रायलचा झेंडा लावला, तिनं यायचं बंद केलं. आणि परवा अचानक फोन, "आजी, वाढदिवसाला येतेय. रूलालाही आणते." रूला तिच्याच खोलीत राहते, रूलाची आजी गाझात. मी झेंडा उतरवून धुवायला टाकला (स्वच्छच होता) आणि 'तिकडचा' विषय काढायचा नाही, असं आजोबा-नात दोघांनाही बजावलं.

जेवायला बसल्यावर कळलं, की जगात दुसरा विषयच उरलेला नाही. हवापाण्याचं काढलं, ते तंबूंवर गेलं. ऑलिव्ह पुढे केले, तर ते कुठले हे विचारायची कोणाची छाती होईना. मी नुसती वाढत सुटले.

इतक्यात सर्वेक्षणवाल्या बाईंचा फोन. निवृत्त झाल्यापासून तुमचा भाऊ साबणाबद्दलही अर्धा तास मत देतो, आणि ऐकू कमी येतं म्हणून फोन स्पीकरवर. बाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "तुमची सहानुभूती जास्त कोणाबद्दल? इस्रायली की पॅलेस्टिनी?" माझ्या हातातला डाव रश्श्यात पडला.

सीमोर रूलाकडे वळला. "तुझी आजी कुठं असते गं?"

"तंबूत. सहाव्यांदा जागा बदललीय."

"फोन लागतो?"

"नऊ दिवसांत नाही लागला."

"सर, हे पर्यायांत नाहीये," बाई म्हणाल्या.

"बाई, अश्कलोनला माझ्या भाचीची पोरं भोंगा वाजला की जिन्याखाली पळतात. (म्हणजे तुमचीच नातवंडं, वन्सं.) मला त्यांचा घोर आहे. आता हिच्या आजीचाही लागला. जास्त कुठला ते तुम्हीच मोजा!"

"मग 'माहीत नाही' लिहू का?"

"माहीत नाही? मला?"

डालिया फिसकन हसली. मी आत जाऊन फडक्यात तोंड खुपसून रडून घेतलं. बाहेर येते तर कडाक्याचं भांडण: ओलीस, बाँब, आपण इथून पाठवतो ती शस्त्रं. दोन तास! कोणाचंच कोणाला पटलं नाही. पण कोणी उठून गेलं नाही, केकसुद्धा संपला. चारच्या सुमारास रूलाचा फोन लागला. आजी सुखरूप! सीमोरनं इतक्या जोरात अभिनंदन केलं, की त्या माउलीनं विचारलं, "कोण ओरडतंय गं तुझ्यावर?"

बाकी सर्व क्षेम.

तुमची,
इर्मा

ता. क. तुम्ही डालियाचं पत्र न फोडता परत पाठवलंत, त्याबद्दल मी चकार शब्द काढणार नाही. माझी लेक अश्कलोनला असती तर मीही तेच केलं असतं.

दुसरा ता. क. पाकिटावर तिकीट नाही हे तुम्ही पाहिलंच असेल. ज्या मुलीनं ते हातात दिलं ती डालियाच, केस कापलेत. तिच्या शेजारी उभी ती रूला. हजार मैल गाडी हाकून आल्यात. आधी आत घ्या, मग काय भांडायचं ते बसून भांडा.