अकरा वर्षे न केलेली सही

लिहून ठेवणार राजाबाई भ्रतार रावजी कोळेकर, वय वर्षे एकोणपन्नास, धंदा सुईणपणा, राहणार शुक्रवार पेठ, सोलापूर. पोटातल्या गाठीवर आता औषध नाही, असे डॉक्टरांनी मला तोंडावर सांगितले आहे. डोके शाबूत आहे, अक्षर माझे स्वतःचे आहे, आणि मला कोणी धाक घातलेला नाही. घालून चालत नाही, हे सोलापुरात बऱ्याच जणांना माहीत आहे. माझ्यामागे वाद राहू नये म्हणून हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते.

कलम १. शुक्रवार पेठेतले दोन खोल्यांचे घर माझे यजमान रावजी आणि मी स्वकमाईने बांधले. यजमान दोन वर्षांमागे वारले. आमचे लग्न सरकारी नोंदणीचे असल्यामुळे त्याच कायद्याने ते भावांच्या एकत्र कुटुंबातून वेगळे झाले होते. सबब या घरावर दिरांचा हक्क नाही. घर माझी मुलगी रंभा, वय वर्षे अकरा, हिचे आहे. पोस्टातली शिल्लक तिच्या शिक्षणाला लावावी.

कलम २. माझी कातर, पितळेचे घंगाळ आणि चामड्याची पिशवी नणंद फुलाबाई हिला द्यावी. ती माझ्या हाताखाली शिकली आहे. शिवाय सगळ्याला कारण तीच. तिचे पहिले बाळंतपण अडले तेव्हा रावजी तिला बैलगाडीतून इस्पितळात घेऊन आले. मी लिंगायताची बालविधवा, सुईणकी शिकून तिथे नुकती कामाला लागलेली. फुलाबाई सुखरूप सुटली, आणि चार दिवसांनी रावजी स्वतः विणलेले घोंगडे घेऊन दारात उभे राहिले. म्हणाले, "थंडीचं हाय म्हणून आणलंय. दुसरं काय न्हाय." दुसरेही होते, ते मला कळले. त्यांचा माग फुलाबाईच्या मुलाने चालवावा.

कलम ३. रंभेने हे नीट वाचावे. १९१३ साली मी आणि तिचे वडील लग्न नोंदवायला कचेरीत गेलो. धनगर आणि लिंगायत, तेव्हा ना भटजी उभा राहीना ना लिंगायतांचा जंगम. कारकुनाने छापील कागद पुढे केला. त्यात लिहिले होते की आम्ही ख्रिस्ती नाही, यहुदी नाही, हिंदू नाही, मुसलमान नाही, पारशी, बौद्ध, शीख, जैन यांपैकी कोणीही नाही. खाली सहीची जागा.

रावजींनी विचारले, "मग आमी हाय तरी कोण?"

कारकून म्हणाला, "कागदापुरते कोणी नाही. सही करा, आणि बाहेर पडून हवे ते व्हा. कोण बघतो?"

"देवापुढं खोटं बोललो तर त्यो पदरात घील. कागदावर खोटं लिवलं तर ते तसंच ऱ्हातंय की."

कारकुनाने माझ्या गळ्यातले लिंग पाहिले आणि तोडगा सुचवला, "बाई, तुम्ही लिंगायत. लिंगायत हिंदूंत मोडत नाहीत असे समजा, म्हणजे तुमची सही खोटी ठरत नाही." मी म्हणाले, "ते मोडतात की नाही हे मठांत भांडून ठरू दे. माझ्या लग्नाच्या सोयीसाठी तुम्ही नका ठरवू." कागद कोराच परत दिला.

सासूबाई सारजाबाई घरी वाट पाहत होत्या. मला भीती होती, की आता त्या म्हणतील, सही करून मोकळे व्हायचे होते. त्या म्हणाल्या, "लगीन लांबलं तर लांबू दे. समदे देव सोडून आलीस, तर माझ्या देवघरापुढं तुला कुटं बसवू?"

लग्न अकरा वर्षे लांबले. मी इस्पितळाच्या आवारातल्या खोलीत राहिले, ते त्यांच्या आईजवळ. दर रविवारी ते माझ्या ओसरीत चहा पिऊन दिवसाउजेडी परत जात. लोक नाही नाही ते बोलले. मी त्याच लोकांच्या लेकीसुनांची बाळंतपणे करीत राहिले.

कलम ४. १९२३ साली कायदा बदलला. दोन जातींच्या हिंदूंना आपला धर्म न नाकारता लग्न नोंदवता येऊ लागले. वर्तमानपत्रात ते वाचून मी वॉर्डातच मोठ्याने हसले. पुढच्या वर्षी आम्ही लग्नाची नोटीस दिली. माझा सख्खा भाऊ निंगप्पा सिद्धलिंगप्पा याने हरकत घेतली आणि कोर्टात दावा लावला, की जातीने हिला बाहेर टाकले आहे, ही धनगराच्या घरचे खाते, सबब ही हिंदू राहिलेली नाही, तसे कोर्टाने ठरवून द्यावे.

जज्जसाहेबांनी मला विचारले, "तुम्ही हिंदू आहात याला साक्षीदार कोण?"

मी म्हणाले, "साहेब, अकरा वर्षांमागे मी 'हिंदू नाही' असे लिहिले असते, तर सरकारने एकही साक्षीदार मागितला नसता. नुसत्या सहीवर मला बाहेर काढायला तयार होते. आज मी 'आहे' म्हणते. तेव्हा चालणारी माझी सही आज का चालत नाही?"

साहेबांनी लेखणी खाली ठेवली आणि निंगप्पाच्या वकिलाला तोच प्रश्न केला. दावा फेटाळला. निकालात लिहिले आहे, की बाई स्वतःला जे म्हणवते आणि जशी वागते ते पुरे आहे. जातीने वाळीत टाकले म्हणून कोर्ट कोणाला धर्माबाहेर काढीत नाही. खोडसाळ हरकत घेतल्याबद्दल निंगप्पाला दंड करावा काय, असेही साहेबांनी विचारले. मी म्हणाले, "नको. माझा भाऊ आहे."

त्याच आठवड्यात लग्न लागले. कचेरीत वाजंत्री चालत नाही, म्हणून सासूबाईंनी हलगीवाले फाटकाबाहेर उभे केले होते. सही करताना हलगी सुरू झाली आणि कारकुनाच्या हातातला टाक थबकला. सत्तरीच्या सारजाबाई भर रस्त्यात नाचल्या. गिरणीतून सुटलेले लोक उभे राहून पाहत होते. एवढा मान तर घोड्यावरच्या नवरदेवालाही मिळत नसेल.

कलम ५. रंभेची पालक फुलाबाई राहील. शाळेत, कचेरीत, शिरगणतीत रंभेच्या धर्माचा रकाना तिला विचारल्याशिवाय भरू नये. अठरा वर्षांची झाल्यावर ती आईचे लिंग घालील, बापाच्या बिरोबाला जाईल, दोन्ही करील किंवा काहीच करणार नाही. धर्म माझ्या मिळकतीत मोडत नाही, म्हणून तो मी कोणाला लिहून देत नाही.

कलम ६. मला लिंगायत रीतीने पुरावे. मी लिंगायत असल्याच्या कोणाच्याही दाखल्यासाठी मला ताटकळत ठेवू नये. लिंगायतांच्या रुद्रभूमीत जागा नाकारली, तर फुलाबाईच्या शेतात पुरावे. तिने बांधाजवळची जागा दाखवून ठेवली आहे.

कलम ७. भाऊ निंगप्पा याने १९३० साली मला बापाच्या मातीला येऊ दिले नाही. माहेरी, मैंदर्गीच्या घराच्या उंबऱ्यात आडवा उभा राहून म्हणाला, "हितं तुझं कोण न्हाय." मी बोळात उभी राहिले आणि तिथूनच अप्पांना नमस्कार केला. सबब निंगप्पाला कोर्टाच्या निकालाची नक्कल काचेच्या चौकटीत बसवून द्यावी. त्याने ती भिंतीला लावावी.

येथपर्यंत लिहून झाले असता निंगप्पा स्वतः आला. डॉक्टरांकडून त्याला कळले म्हणे. सहा वर्षांत प्रथमच तो माझ्या समोर बसला. लिहिते काय म्हणून त्याने कागद मागितला. मी दिला. कलम सातवे त्याने दोनदा वाचले.

मग म्हणाला, "साक्षीला कोण हाय?"

"कंपौंडर गुंडा माने. दुसरा बघायचा आहे."

"मी करतो सही."

मी त्याला कायदा सांगितला, की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. सही केलीस तर चौकट गेली.

"जाऊ दे. आणि शेतात कशाला? अप्पांच्या बाजूला जागा हाय. मी असताना कोण अडवतंय बघतो."

तेव्हा कलम ६ मधील शेताची तजवीज मी रद्द करते. मला अप्पांच्या शेजारी पुरावे. कलम ७ मी स्वतः खोडले आहे, ते खोडलेलेच वाचावे. साक्षीदाराने आपले लिहून देणारीशी नाते काय, हे स्वतःच्या हाताने लिहावे, एवढी एकच अट मी घातली. त्याने ती मान्य केली.

मुक्काम सोलापूर, तारीख ९ नोव्हेंबर १९३६.

सही: राजाबाई भ्रतार रावजी कोळेकर

आम्हां दोघांसमक्ष बाईंनी सही केली, आणि आम्ही त्यांच्यासमक्ष केली.

साक्ष १: गुंडा आण्णा माने, कंपौंडर, राहणार सोलापूर. नाते नाही.

साक्ष २: निंगप्पा सिद्धलिंगप्पा, राहणार मैंदर्गी. लिहून देणार माझी सख्खी बहीण आहे.