थोडंसं आतलं काम

४ फेब्रुवारी
बोटीच्या आतल्या कामाचा प्लॅन आज फायनल. हा सातवा. आधीचे सहा कच्चे होते.
शीड, डोलकाठी, सुकाणू सगळं ठाकठीक आहे. जुनी शिडाची बोट घेतली तेव्हापासूनच आहे. प्रश्न फक्त आतला. आणि आत आहे तरी काय? एक अरुंद बोळ, दोन बाकं, ओटा, संडास. प्लॅनिंग खात्यातून रिटायर झालेल्या माणसाला हातचा मळ.
संकल्प: एप्रिलच्या उधाणाच्या भरतीला बोट पाण्यात.
सौ.ला सांगितलं. गेल्या एप्रिलचं पण हेच ठरलं होतं, म्हणाली. तेव्हा प्लॅन पाचवा होता, हे ती लक्षातच घेत नाही.

९ फेब्रुवारी
जुनी बाकं उखडली. चांगली होती, पण चांगलं वेगळं आणि योग्य वेगळं. ज्याच्या यार्डात बोट टेकूंवर उभी आहे तो यार्डवाला येऊन विचारून गेला की धडधाकट बाकं का काढलीत. दूरदृष्टी नाही.
डोकं छताला आपटलं. पुन्हा आपटलं.

१७ फेब्रुवारी
ओट्याखालच्या खणात शिरून स्क्रू काढत होतो. खांदे आत गेले ते बाहेर येईनात. हाका मारल्या, पण त्या माझ्याच कानात घुमल्या. शेवटी सौ. डबा घेऊन आली आणि पाय धरून ओढून काढलं.
ती म्हणाली, हॉलमध्ये फळ्या, बाथरूममध्ये वॉर्निश, आणि नवरा खणात. रिटायर झाल्यावर दोघांनी समुद्र बघायचा म्हणून ही बोट घेतली ना? मी आजवर नुसते तुमचे तळपाय बघतेय.
विनोदबुद्धी चांगली आहे तिची.

२५ फेब्रुवारी
सौ.च्या तळहातांना फोड आलेत. शनिवारी सकाळी कुठलासा क्लास असतो तिचा. बागकाम असावं. हातमोजे घाल म्हटलं. जास्त विचारायला वेळ झाला नाही.
दुपारी वारा होता. बोटीवरची ताडपत्री मी बांधायचो, ती सुटायची. सौ.ने दोरीला काहीतरी वेटोळं घातलं. अजून हललेली नाही. वारा पडला असणार.

८ मार्च
संडासाचं काम सुरू. भिंतीत गोल खिडकी होती, विनाकारण जागा अडवून बसलेली. प्लायने बंद केली, वर मासिकांचं शेल्फ ठोकलं. समुद्र काय, वर गेलं की दिसतोच.

१५ मार्च
संडासासमोर कोटांचं कपाट उभं केलं. चौकट, फळ्या, बिजागऱ्या, सगळं पाणसळ लावून. बुडबुडा बरोब्बर मधोमध.
यार्डवाला म्हणाला, साहेब, बोट टेकूंवर डावीकडे कललेली आहे, इथे पाणसळ कशाला धरताय? म्हटलं, बोट कलली असेल, पाणसळ कलत नाही. तो जाताना हसत होता, पण ते त्याच्याच एखाद्या गोष्टीला असेल.
सौ.ने कपाटाचं दार उघडलं, मग संडासाचं उघडायला गेली. दोन्ही बोळातच उघडतात, एकमेकांना अडतात. कपाटाला कडी लावा, म्हणाली. पितळी कडी मागवली आहे. तोवर दार आपलं आपण मिटून राहतं.

२९ मार्च
सौ.ने जेवताना सांगितलं की भरती एकवीस तारखेला आहे. बोट पाण्यात गेली तर मी तुमच्याबरोबर. नाही गेली तर मी एकटी जाईन, कुठे ते विचारायचं नाही. आवाजही चढवला नाही.
मला ती बरोबर हवी आहे. तिच्यासाठीच तर चाललंय हे सगळं.

६ एप्रिल
काम संपलं. पितळी कडी तेवढी यायची आहे.
विश्वास बसेना. बोटीत एकटाच बसून राहिलो. छान वाटायला हवं होतं, पण मोजपट्टी काढून पुन्हा सगळं मोजत सुटलो. सवय, दुसरं काय.
दुपारी लक्षात आलं की नवी बाकं दोन बोटं उंच झालीत. लगेच उखडली. एकदम हायसं वाटलं.

१४ एप्रिल
बाकं अजून झाली नाहीत. सौ.पुढे विषय काढला की घाई कशाला, उधाण काय दर महिन्याला येतं. तिने माझ्यादेखत क्रेनवाल्याला फोन लावला. बाकं नसली तर बोट बुडत नाही ना, एवढंच विचारलं. त्याने काय सांगितलं ते मला कळवण्यात आलं नाही.

२१ एप्रिल, सकाळ
क्रेन आली. बोटीखालून पट्टे घालतायत. संडासाच्या दाराची बिजागरी कुरकुरते असं वाटलं म्हणून सहज आत आलो. दार लावून घेतलं आहे. कुरकुर बंद दारातच कळते.

थोड्या वेळाने
बोट उचलली. उचलल्याबरोबर सरळ झाली. बाहेर कपाटाचं दार सताड उघडलं आणि माझ्या दाराला येऊन भिडलं. ढकललं. ढिम्म. डायरी खिशात होती म्हणून नोंद करतो: पाणसळ बरोबरच होती. जग तिरकं आहे.
जीव खाऊन ओरडलो. क्रेनवाल्याने विचारलं, थांबवू का? सौ. म्हणाली, मुळीच नाही, भरती ओसरेल. त्यांना आत राहायची सवय आहे.

दुपार
तरंगतोय. घाम फुटलाय. वर कोणीतरी दणादण चालतंय, शीड चढवतंय. धक्क्यावरच्या यार्डवाल्याला दोर सोडायचा हुकूम झाला. आवाज सौ.चा.
म्हणजे क्लास बागकामाचा नव्हता.
खिडकी नाही. समोर मासिकं.

नंतर
सौ. वर एकटीच हसतेय. घरात इतकं मोकळं हसलेलं कधी ऐकलं नाही. वाईट वाटलं. वर तिच्याशेजारी जाऊन बसावंसं वाटलं, अगदी मनापासून.
तेवढ्यात तिने बोट वळवली. बोट डावीकडे कलली, टेकूंवर होती तशी, जरा जास्तच. कपाटाचं दार आपलं आपण मिटलं. माझं उघडलं.
बोळाच्या टोकाला शिडी, शिडीवर उजेडाचा चौकोन. त्यात आभाळ दिसलं, मग नुसतं पाणी, मग पुन्हा आभाळ. सौ. वाकून बघत होती. केस विस्कटलेले, चेहरा लाल. सुटलात का, म्हणाली, या ना वर, किती सुंदर आहे बघा. आणि हात पुढे केला.
आलोच म्हटलं.
दार ओढून घेतलं आणि आतून कडी लावली. आपटून बिजागरी खराब व्हायला नको.