उपाशी माणसानं लिवलेलं

८ फेब्रु. ७३, कुरुंदा
नववीला आयर्लंडचा दुष्काळ शिकवायचाय. नांदेडहून जाड इंग्रजी पुस्तक आणलं, डोळ्यांनी पाहिलेल्यांच्या हकिकती. बटाटा सडला. लोकांना खडी फोडायला लावली. अमेरिकेतून मका आला, तो शिजवायचा कसा कुणाला ठाऊक नाही, पोटं धरून बसले.
माय दुष्काळी कामाच्या खडीवरून आली, तिला वाचून दाखवलं. "अगं, ही तर आपली मिलोच की! अमेरिकेची लाल जवारी. अन् तिथंबी खडी?" हसली. मग एकदम, "लिवलं कोनी?"
म्हटलं, पाद्री, प्रवासी, एक साहेब.
"म्हंजे जेवून लिवलं. उपाशी मानसानं लिवलेलं दाव."

११ फेब्रु.
अख्खं पुस्तक चाळलं. उपाशी माणसाच्या दोन-चार ओळी, त्याही साहेबाच्या तोंडून. शरम वाटली. मग मायला म्हटलं, तू सांग, मी लिहिते.
"काहून? माझं कोन वाचून राहिलंय?" पण सांगितलं:
"मिलोची भाकर थापताना फाटते. मुकादम म्हनतो, खडी बारीक कर. सायेब यायचा आसला की म्हनतो, पदर नीट करा. दुष्काळ आमाला, अन् लाजबी आमीच झाकायची."
एक शब्द बदलला नाही.

१४ फेब्रु.
शाळेच्या भित्तिपत्रकावर लावलं, मायच्या नावासकट. पोरांची झुंबड. हेडमास्तरांनी बोलावलं. "बाई, शनिवारी तपासणी आहे. दुष्काळ नाही, टंचाई लिहा. सरकारी शब्द तोच. भाषा शुद्ध करा. तुमची नोकरी अजून कायम नाही." बोर्डावरचा कागद काढून घेतला. भित्री कुठली!

१५ फेब्रु.
कागद घरी आणून 'दुष्काळ' खोडला, वर 'टंचाई'. मायला वाचता येत नाही, पण खोडलेलं कळतं. सांगावं लागलं.
"घरातलं मीठ सरलं तर टंचाई. इहिरी आटल्या, लेकरं सरकारी सुकडीवर जगून राहिली, ही टंचाई व्हय? जाळ तुझं शिक्षान!"
रडले. मग स्वतःचाच राग आला. नवा कागद घेतला.

१७ फेब्रु.
सकाळीच लावला. 'दुष्काळ' दुप्पट मोठ्या अक्षरात. हेडमास्तर घामाघूम. "काढा." म्हटलं, नाही काढत. तुम्हीच काढा, पोरांपुढं. त्यांचा हात उचलेना.
तेवढ्यात तपासणीची जीप आली. माय आज खडीवर गेलीच नव्हती, बोर्डाला खेटून उभी. साहेबांनी चष्मा लावला, सगळं वाचलं. "हे कुणी लावलं इथं?"
हेडमास्तरांनी माझ्याकडं बोट केलं. माय मधी आली. "तिचं न्हाई, माझं हाय. बसा सायेब, आजून लई हाय."
साहेब हेडमास्तरांच्या खोलीत गेले. दार लावून घेतलं. मला सोमवारी बोलावलंय, नोकरीचं काय ते तेव्हाच.
माय पायरीवर बसून पुढचं सांगून राहिली. लिहून घेते.